नीलमोहरची मागची भिंत

डोंबिवलीत मी एकसष्ट वर्षं काढली आणि तिथे एक दिवसही व्यायाम केला नाही. गरजच नव्हती. रामनगरातल्या आमच्या इमारतीचा जिना उतरला की डाव्या हाताला किराणा, उजव्या हाताला गिरणी, समोर फुलवाली. भाजी सात मिनिटांवर, माझी बँक बारा मिनिटांवर, आणि वाटेत ओळखीच्या दोघी भेटल्या की त्या बाराची पंचवीस व्हायची. एकतीस वर्षं काउंटरवर बसून काढली, तरी साडीच्या निऱ्या मला कधी कमी पडल्या नाहीत. मग इमारत पाडायची ठरली आणि साकेतने, माझ्या मुलाने, माझ्या खोल्या विकून कोलशेतला टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. नाव माझं लावलं, राहायला मी, तो आणि सून. नीलमोहर टॉवर्स, बाविसावा मजला, खिडकीतून खाडी दिसते. येणारा प्रत्येक पाहुणा खिडकीशी जाऊन 'वा' म्हणायचा आणि मला त्याला तिथूनच खाली ढकलून द्यावंसं वाटायचं.

मला राग येतो. लहानपणापासून येतो. नवरा होता तोवर तो हसून जिरवायचा, आता तो नाही आणि राग आहे.

नीलमोहरच्या आत सगळं आहे, म्हणून बाहेर पडायला कारण नाही. कोथिंबिरीची जुडीसुद्धा दारात येऊन पडते. चालायला म्हणून पोडियमवर एक ट्रॅक केलाय, एक फेरी एकशे नव्वद मीटरची, भोवती प्लास्टिकचं गवत. घाण्याच्या बैलाच्या फिरण्यातून निदान तेल तरी निघतं. मी आठवडाभर फिरले आणि सोडून दिलं. आवाराबाहेर मोठा रस्ता, त्यावर डंपर आणि सिमेंटचे मिक्सर, आणि फूटपाथच्या जागी उघडी गटारं. तिथे माणसाने पायी जावं असं ते बांधताना कुणाच्या मनातही आलं नसावं.

दोन वर्षांत मी एकसष्टची एकोणऐंशी किलो झाले. गुडघे गेले. कोपरीच्या डॉक्टर देवयानी मोजकं बोलतात. त्या म्हणाल्या, "हेमाताई, सत्तरच्या खाली आल्याशिवाय मी गुडघ्याला हात लावणार नाही. रोज चार किलोमीटर, सपाट जमिनीवर. नाही जमलं तर वर्षभरात वॉकर आणि त्याच्या पुढच्या वर्षी खाट."

माझी आई शेवटची नऊ वर्षं खाटेवर होती. तिला कुशीवर वळवायची ती मी, तिच्या पाठीच्या जखमा धुवायची तीही मीच. त्यामुळे खाट म्हणजे काय हे मला डॉक्टरांनी समजावायला नको होतं.

नीलमोहरच्या मागच्या भिंतीला, जनरेटरच्या खोलीच्या बाजूला, एक लोखंडी फाटक होतं. कामवाल्या बायका तिथून ये-जा करत. एक दिवस मी त्यांच्यामागून बाहेर पडले आणि पलीकडे मला चक्क गाव सापडलं. अरुंद गल्ल्या, ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या, चक्की, देऊळ, मासळीचे वाटे मांडून बसलेल्या बायका, आणि शेवटी खाडीवरचा बंदराचा धक्का. गल्ली अरुंद असली की गाडी वेगाने येत नाही आणि माणसं दिसतात. मी धक्क्यापर्यंत जाऊन परत आले तेव्हा पाय दुखत होते, पण मधला वेळ कुठे गेला ते कळलं नव्हतं. त्या दिवशी मी दोन वर्षांत पहिल्यांदा जेवणाची वाट पाहिली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्याच फाटकात मारामारी पाहिली. माझ्याच वयाची, माझ्याहून जाड, काळीसावळी बाई आत यायला बघत होती आणि गार्डने तिचा दंड धरला होता. तिने दुसऱ्या हाताने त्याचा कान पकडला, त्याला गुडघ्यावर आणला आणि कानाखाली दोन काढल्या. आवाज जनरेटरच्या खोलीवर आपटून परत आला.

"तुमचा ट्रॅक हाय ना, तिथं मी भात लावलाय," ती म्हणाली. "माझेच शेतान मना आडवतोस?"

मला ती तत्क्षणी आवडली. मी गार्डला सांगितलं की ही माझी पाहुणी आहे, आणि तिच्याकडे बघून म्हटलं, "चला."

ती शकूबाई. नीलमोहरचे तीन टॉवर तिच्या नवऱ्याच्या, राघोच्या जमिनीवर उभे आहेत. तिचं बालपण मिठागरात गेलं, लग्नानंतर भातशेतीत. डोक्यावर मिठाच्या टोपल्या वाहणारी बाई जमीन विकल्यावर तीन मजली बंगल्यात जाऊन बसली. पाणी भरायला बाई, बाजाराला गाडी. अठ्ठ्याऐंशी किलो आणि साखर. तिलाही डॉक्टरने चालायला सांगितलं होतं.

"चालू कुठं?" ती म्हणाली. "पोरगं सांगतं, आई गच्चीवर चाल. कपडे वालत घालतात तशी मी गच्चीवर?"

दुसऱ्या दिवसापासून सकाळी आम्ही दोघी फाटकाशी भेटू लागलो. धक्क्यापर्यंत जाऊन बाजारातून परत, मग ती माझ्याबरोबर आत येई. जनरेटरच्या खोलीमागे शेंदूर लावलेला एक दगड आहे, तो त्यांच्या गावाच्या वेशीचा देव. त्याला फूल वाहून ती माघारी जाई. जमीन विकताना राघोने बिल्डरला एवढंच सांगितलं होतं की देवाची वाट अडवू नका. बिल्डर म्हणाला होता, हो काका. राघोने ते कागदावर घेतलं नाही. शब्द दिल्यावर कागद मागणं त्याला कमीपणाचं वाटलं. मी बँकवाली, मी त्याला आणि त्याच्या शब्दाला मनातल्या मनात मूर्ख म्हटलं. पुढे माझीच पाळी यायची होती.

पाच महिन्यांत मी चौऱ्याहत्तरवर आले. शकू त्र्याऐंशीवर. तिची साखर उतरली आणि माझ्या गुडघ्याचा करकर आवाज कमी झाला. "हेमाबाय, तुझी कंबर दिसाय लागली," ती मासळीवाल्यांच्या देखत ओरडून सांगायची आणि मला लाज वाटायची, बरंही वाटायचं.

मग कुणाची तरी सायकल चोरीला गेली. मोबाइलवर सोसायटीच्या ग्रुपमध्ये दोनशे मेसेज आले. गावातली पोरं आत येतात, बाइक फिरवतात, फ्लॅटचा भाव पडतो. एका सकाळी फाटक काढलेलं होतं आणि गवंडी विटांचा दुसरा थर लावत होता. भिंतीपलीकडे विटांचा टेम्पो उभा होता आणि टेम्पोच्या कपाळावर रंगवलं होतं: आईचा आशीर्वाद.

टेम्पो शकूच्या मुलाचा, नयनचा. कोलशेतात कुठेही वीट लागू दे, रेती लागू दे, माल पुरवणार तो गावातलाच कुणी. जमिनी गेल्यावर पोरांनी हाच धंदा धरलाय. शकूने चप्पल काढली आणि नयनला भर गल्लीत धरून मारलं. डोक्यात, तोंडावर, पाठीत. पस्तिशीचा पुरुष, गळ्यात सोन्याची साखळी, दोन्ही हात डोक्यावर घेऊन उभा राहिला. त्याचा ओठ फुटला.

"आई, मी माल टाकला नसता तं दुसऱ्यानी टाकला असता," एवढंच तो म्हणाला.

दुपारपर्यंत भिंत माझ्या डोक्याच्या वर गेली होती.

आता पलीकडे जायचं तर पुढच्या फाटकातून निघून मोठ्या रस्त्याने पावणेतीन किलोमीटरचा वळसा. आम्ही ठरवलं की मधे पेट्रोलपंपाशी भेटू. चार दिवस भेटलो. पाचव्या दिवशी शकू समोरून येत होती आणि तिच्या मागून डंपर आला. त्याने तिला धडक दिली नाही. तो नुसता कडेला आला, कारण मधे खड्डा होता. शकू बाजूला सरली, गटारावरची लादी तिच्या वजनाने मोडली आणि तिचा डावा पाय मांडीपर्यंत आत गेला. मी तिच्यापर्यंत पोचले तेव्हा नडगीचं कातडं लादीतल्या सळईला लोंबत होतं. मी पदर फाडून बांधला. डंपर पुढे जाऊन सिग्नलला उभा होता. मी दगड उचलून मारला, तो पोचलाही नाही.

साखरेच्या माणसाची जखम. गटाराचं पाणी. सतराव्या दिवशी तिच्या डाव्या पायाची दोन बोटं कापली. मी भेटायला रिक्षाने गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि मला बघून म्हणाली, "डॉक्टर बोलला, आता पडून ऱ्हायलीस तं पाय बी जाईल. आन् चाललीस तं सपाटीवर चाल. सपाटी कुठंय गो?"

त्याच संध्याकाळी मी सोसायटीच्या ऑफिसात गेले. चेअरमन सुधीर खर्डेकर. मी टेबलावर हात आपटला तर त्यांनी शांतपणे फाइल काढली. "मॅडम, फाटक बंद करायचा ठराव तीन मतांच्या फरकाने पास झालाय. तुमच्या फ्लॅटचीही संमती आहे." खाली माझी सही होती. खरीखुरी, माझ्या हातची, नावाखाली रेघ ओढलेली.

दिवाळीत साकेतने कागदांची एक चळत पुढे केली होती. मेंटेनन्स, विमा, काय काय. "आई, इथे, इथे आणि इथे." एकतीस वर्षं मी काउंटरवरून लोकांना ओरडत आले की वाचल्याशिवाय सही करू नका. पण मुलाने पुढे केलेला कागद कोण वाचतं? राघोने बिल्डरवर विश्वास टाकला, मी पोटच्या पोरावर. मूर्खपणात आम्ही दोघं एकाच माळेचे मणी निघालो.

घरी आले तर हॉलमध्ये ट्रेडमिल उभी. साकेत दोन माणसांकडून ती जोडून घेत होता. "सरप्राइज. आता तुला कुठे जायलाच नको, आई."

"तुला माहीत होतं मी त्या फाटकाने जाते?"

त्याने आधी त्या माणसांना पैसे देऊन पाठवलं. मग म्हणाला, "माहीत होतं. अगं, पण सगळ्यांच्या सेफ्टीचा प्रश्न होता. तू त्या बाईबरोबर फिरतेस, लोक मला विचारतात. आणि ते गाव... तू काय डोंबिवलीतच राहणार का मनाने?"

"त्या बाईची दोन बोटं कापली आज."

"वाईट झालं. पण ते काय भिंतीमुळे झालं?"

मी स्वयंपाकघरात गेले, पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि ट्रेडमिलच्या काचेवर घातला. तिसऱ्या घावाला ती आतपर्यंत फुटली. एक कपची उडून साकेतच्या गालाला लागली आणि रक्ताची बारीक धार आली. त्याने गालावर हात धरला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू दार उघडल्यावर भलतंच माणूस उभं असावं. मला वाईट वाटलं. पण वरवंटा मी खाली ठेवला नाही.

चैत्रात गावदेवीची पालखी निघते. देवळातून उचलायची, वेशीच्या देवाला भेटवायची आणि परत आणायची. दोन नियम आहेत. वेशीच्या देवाची भेट होईपर्यंत पालखी कुठे टेकवायची नाही, आणि माघारी फिरवायची नाही. पालखीपुढे तांब्यातून पाण्याची धार धरत चालायचा मान राघोच्या घरच्या बाईचा, आणि भोई त्या पाण्यामागून चालतात. आजवर त्या दिवशी मागचं फाटक उघडत असत. यंदा खर्डेकरांनी आणि नयनने तोड काढली होती. नाक्यावर सजवलेला टेम्पो उभा करायचा, भोयांनी पालखी खांद्यावर धरूनच त्यात उभं राहायचं आणि मोठ्या रस्त्याने पुढच्या फाटकातून आत यायचं. खर्डेकरांनी स्वागताला फुलंही मागवली होती.

आदल्या दिवशी शकूचा फोन आला. "उद्या आतून तयार ऱ्हा," ती म्हणाली. तिने लगेच फोन ठेवला. मी माळ्याच्या खोलीतून पहार आणून भिंतीलगतच्या झुडपात टाकून ठेवली.

रविवार होता. सकाळी नऊला पलीकडून ढोल ऐकू आले. नाक्यावर वळण्याऐवजी आवाज सरळ माझ्याकडे येत राहिला. नंतर नयननेच सांगितलं ते असं. नाक्यावर शकूने टेम्पोकडे बघितलंही नाही. पायाला फडकं गुंडाळलेलं, लंगडत, पाण्याची धार धरून ती सरळ भिंतीच्या गल्लीत शिरली, आणि सवयीने भोईही तिच्यामागे शिरले. गल्लीत पालखी फिरवायलाही जागा नाही. शकूने तांब्यातलं उरलेलं पाणी भिंतीच्या पायाशी ओतलं आणि बाजूला होऊन उभी राहिली.

ढोल थांबले. पालखी टेकवता येईना, मागे नेता येईना. आठ खांदे, वर देवी, पुढे भिंत.

"आवो, बघताय काय?" शकूचा आवाज आला. "हेमाबाय, हायस का?"

मी पहार उचलली आणि पहिला घाव घातला. मनगटापासून दातापर्यंत झिणझिण्या आल्या. दुसऱ्या घावाला सिमेंटचा पोपडा उडाला. पलीकडून कुणीतरी घण घातला आणि भिंत माझ्या तळहाताखाली हलली. मी हसत होते असं लोक नंतर म्हणाले. मला आठवतं ते एवढंच, की गुडघे दुखत नव्हते आणि मी आईचं नाव घेऊन शिव्या देत होते. गार्ड धावत आला, मी पहार त्याच्याकडे फिरवली, तो मागे सरला. खर्डेकर फुलांचा हार हातात घेऊन लांबूनच ओरडत होते. आणखी पाच-सहा घाव. मधल्या विटा आत कोसळल्या आणि भगदाडातून मला शकूचा चेहरा दिसला, धुळीने पांढरा.

तेवढ्यात साकेत आला. घरच्या चपलांत, तसाच. त्याने मागून माझे खांदे धरले. मी झटकले. मग तो पुढे आला आणि भगदाडासमोर उभा राहिला.

"आई, लोक शूट करतायत. बास झालं. चल घरी."

"बाजूला हो."

"नाही होणार. तुला कळतंय का तू काय करतेयस?" त्याने उजवा पाय खालच्या विटांच्या थरावर ठेवला आणि पहारीला हात घातला. "दे इकडे."

मी पहार त्याच्या हातातून ओढून घेतली, वर उचलली आणि खाली घातली.

त्याच्या पायाची हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो ओरडला नाही. खाली बसला, आणि चपलेच्या पट्ट्यातून रक्त यायला लागलं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना कुणी हलेना. मग नयन भगदाडातून आत आला. त्याने साकेतला उचललं, स्वतःच्या गाडीत घातलं आणि हॉस्पिटलात नेलं. त्यानंतर गावकऱ्यांनी पालखी जाईल एवढं भगदाड रुंद केलं. पालखी आत आली, देवाला भेटली आणि टेकली. मी तिथेच जमिनीवर बसून होते आणि शकू माझ्या डोक्यावरची धूळ हाताने झाडत होती.

पोलिसांनी चौकीत बसवलं. मी म्हटलं, पहार हातातून सटकली. तिकडे साकेतने हॉस्पिटलात जबाब दिला की विटांवरून तोच घसरला आणि पाय मधे आला. मुलाचीच तक्रार नाही म्हटल्यावर पोलिसांनी मला समज देऊन सोडलं. खर्डेकरांनी भिंत परत बांधायचा ठराव केला, पण नयनने माल दिला नाही आणि नयनने नाही म्हटल्यावर कोलशेतात दुसऱ्या कुणाचीही वीट नीलमोहरच्या मागे उतरेना. भगदाड आहे तिथेच आहे. काठावर कुणीतरी दोन लाद्या टाकून पायरी केलीय. शकू काठी घेऊन चालते. हळू, पण रोज.

साकेतच्या पायात तीन सळया घातल्या. तो हॉलमध्ये खिडकीपाशी पडून असतो. सून कामावर जाते, मी त्याला जेवायला घालते, स्पंजिंग करते, कुशीवर वळायला हात देते. दहा दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. अकराव्या दिवशी पहाटे मी चप्पल शोधत होते तेव्हा त्याने हाक मारली.

"आई. तुला माझा पाय दिसला होता ना?"

मी चप्पल हातात घेऊन उभी राहिले. त्याचा पाय मोडला त्या रात्री मी उशी तोंडात धरून रडले होते. तो माझा एकुलता एक आहे, त्याच्या पायाला लहानपणी काटा रुतला तरी मला चक्कर यायची. हे सगळं मला त्याला सांगता आलं असतं.

"दिसला होता," मी म्हटलं.

"मी तुला वाचवलं, चौकीतून."

"माहीत आहे."

"सॉरी तरी म्हण ना."

"तुझं प्लास्टर सहा आठवड्यांनी निघेल, साकेत," मी म्हटलं. "तोवर मी आहे."

त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर खाडी होती. मी लघवीचं भांडं त्याच्या हाताला लागेल असं ठेवलं, फोन उशाशी ठेवला आणि पांघरूण नीट केलं. मग चपला घातल्या आणि चालायला खाली उतरले.